चावी कुणाच्या खिशात?



घरातल्या वस्तूंची किंमत आपण दुकानात मोजलेल्या पैशांवरून ठरवतो. त्या हिशेबाने चावी ही घरातली फार स्वस्त वस्तू. बोटभर धातूचा तुकडा, त्याला चार-पाच दाते, बस्स. पण ती हरवते त्या दिवशी तिची खरी किंमत कळते. दारात कर्ज काढून घेतलेली मिनिडोर उभी आहे, टाकीत डिझेल आहे, ड्रायव्हर चहा पिऊन तयार आहे, हमरापूर फाट्यावर माणसे वाट बघत आहेत आणि गाडी मात्र तसूभर पुढे सरकत नाही. कारण एकच, चावी सापडत नाही. मग घरात आरडाओरड, उशा-पांघरुणांची उलथापालथ, पोरांच्या दप्तरांची झडती, आणि शेवटी सगळा राग घरातल्या बाईवर. आमच्या जिते-हमरापूर पट्ट्यात हे चित्र आम्ही इतक्या घरांत पाहिले आहे की या वेळी याच विषयावर लिहायचे ठरवले. विषय क्षुल्लक वाटेल. पण क्षुल्लक वाटणाऱ्या नुकसानीनेच गरिबाचा महिना कोलमडतो, हे आम्हाला वह्या लिहिता लिहिता कळले आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा त्रास नव्हता. कुडाच्या भिंती, झापाचे दार. कुलूप लावावे असे घरात काही नव्हतेच. पुढे कोकणातली माणसे मुंबईला गिरणीत, गोदीत गेली. चाळीतल्या एका खोलीत गावची दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपायची. कुलूप लागलेच तर चावी शेजारी असायची. आज त्याच घरातल्या नातवंडांकडे मोटारसायकल आहे, टेम्पो आहे, लोखंडी कपाट आहे, कुणाचा बँकेत लॉकर आहे. चाव्यांचा जुडगा जड झाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण मालमत्ता आली की तिचा हिशेब ठेवणेही आले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तिजोऱ्या होत्या, त्यांच्या पोरांना चावी कुठे ठेवायची हे बघूनच कळते. आपल्याला ते ठरवून शिकावे लागते.

आधी थोडा हिशेब करू. समजा, एका मिनिडोरला डिझेलचा खर्च जाऊन दिवसाला ८०० रुपये सुटतात. महिन्यातून एक दिवस चावीच्या शोधात फुकट गेला, तर वर्षाचे १२ दिवस गेले. म्हणजे ९,६०० रुपये. त्यात चावीवाल्याचे पैसे आणि त्याला पेणहून आणायचा खर्च धरलेला नाही. गणपतीच्या आधीचे दिवस तर विचारूच नका. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या मूर्तींच्या कारखान्यांतून माल बाहेर पडतो तेव्हा टेम्पोवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवसांत गेलेली एक फेरी परत येत नाही, कारण गिऱ्हाईक थांबत नाही, दुसरा टेम्पो बघते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच.

मग चावी हरवते तरी का? माणूस विसराळू असतो म्हणून, असे आपण म्हणतो. आमचे मत जरा वेगळे आहे. विसरायला आधी लक्षात राहिलेले असावे लागते. आपण घरात शिरतो तेव्हा एका हातात भाजीची पिशवी, कानाला फोन, पुढ्यात पोरगे काहीतरी मागत असते. हात चावी कुठेतरी टेकवतो, पण डोके त्या जागी नसते. म्हणजे नोंदच झालेली नसते. जी नोंद वहीत केलीच नाही, ती वर्षअखेरीस शोधून कशी सापडणार? म्हणून ‘नीट आठव, नीट आठव’ म्हणून घरच्यांना छळण्यात अर्थ नाही. पदराला गाठ मारून किंवा भगताला विचारूनही चावी सापडत नाही. ती सापडते ती पद्धतीने.

पद्धत म्हणजे काय, हे बघायला लांब जायला नको. ज्या ठिकाणी चावी चुकली तर मोठे नुकसान होते, तिथे लोकांनी काय व्यवस्था केली आहे ते बघू.

पहिले ठिकाण बँक. बँकेची तिजोरी एका माणसाच्या चावीने उघडत नाही. दोन अधिकारी, दोन चाव्या. एकाने दुसऱ्याला आपली चावी सहज म्हणून द्यायची नाही. द्यायची वेळ आली तर रजिस्टरात लिहायचे, तारीख-वेळ टाकायची, सही करायची. ग्राहकाच्या लॉकरलाही एक चावी बँकेची आणि एक ग्राहकाची लागते. यात कुणावर अविश्वास नाही. चावी कुठल्या क्षणी कुणाच्या ताब्यात होती, याचे उत्तर नेहमी तयार असावे, एवढाच हेतू. जाता जाता सांगतो, रिझर्व्ह बँकेने लॉकरचे नियम बदलले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराने केलेली फसवणूक यामुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर वर्षाच्या भाड्याच्या १०० पटींपर्यंत बँकेची जबाबदारी धरली आहे. पण ग्राहकाने स्वतःची चावी हरवली तर ताबडतोब बँकेला लेखी कळवायचे असते आणि लॉकर फोडण्याचा, कुलूप बदलण्याचा खर्च ग्राहकालाच पडतो.

दुसरे ठिकाण रेल्वे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या काळी एक साधी युक्ती असे. दोन स्टेशनांवर एकमेकांना जोडलेली दोन यंत्रे. त्यातून धातूचा एक गोळा निघे. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी स्टेशनातून सुटत नसे. आणि एक गोळा बाहेर असला की, तो पुढच्या स्टेशनावरच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. मोठ्या वेताच्या कड्यात अडकवलेला हा गोळा धावत्या गाडीतून झेलताना आपल्यापैकी जुन्या माणसांनी पाहिला असेल. एवढी मोठी आगगाडी, शेकडो माणसांचे जीव, आणि सगळा भरवसा मुठीत मावणाऱ्या एका गोळ्यावर. पण तो गोळा कधी ‘इथेच कुठेतरी असेल’ असा नसे. तो एक तर यंत्रात असे, नाहीतर ड्रायव्हरकडे. तिसरी जागाच नाही. आमच्या मते चावीचा सगळा धडा यातच आला.

तिसरे ठिकाण कारखाना. आपली पुष्कळ मुले रसायनी, पाताळगंगा, डोलवी, नागोठणे इथल्या कारखान्यांत कामाला आहेत, बरीचशी कंत्राटी. त्यांनी हे नीट वाचावे. चांगल्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला घेताना आधी तिचा वीजपुरवठा बंद करतात आणि त्या खटक्याला दुरुस्ती करणारा कामगार स्वतःचे कुलूप लावतो. चावी त्याच्या खिशात. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपे. शेवटच्या माणसाने आपले कुलूप काढल्याशिवाय मशीन सुरू होऊ शकत नाही. ही चावी मुकादमाकडे द्यायची नाही, मित्राकडे द्यायची नाही, जेवायच्या सुट्टीत टेबलावर ठेवायची नाही. कारण त्या चावीला आपला हात, आपला जीव बांधलेला असतो. कुणी घाई करत असेल, ‘राहू दे रे कुलूप, दोन मिनिटांचे तर काम आहे’ म्हणत असेल, तर स्पष्ट नाही म्हणावे. दोन मिनिटांच्या कामातच हात जातात. आणि तुमच्या कारखान्यात ही पद्धत नसेल तर ती मागून घ्यावी. ती मागणे हा कामगाराचा हक्क आहे.

आता कुलूप-चावीविषयी थोडी माहिती. मुलांना ती वाचून दाखवा, त्यांना आवडेल. लाकडी खुंट्यांचे कुलूप इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी होते. त्याच तत्त्वावर अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६१ साली आजच्या चपट्या चावीच्या कुलपाचे पेटंट घेतले. कुलपाच्या आत लहान-मोठ्या उंचीच्या खुंट्या असतात. योग्य चावीचे दाते प्रत्येक खुंटीला बरोबर हवे तेवढेच उचलतात, सगळ्या एका रेषेत येतात आणि मगच कुलूप फिरते. एक खुंटी केसभर वरखाली राहिली तरी फिरत नाही. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि देशी कुलपावर लोकांचा विश्वास बसवला. उत्तरेत अलीगढ आणि दक्षिणेत दिंडीगुल ही शहरे कुलपांच्या कारागिरीवर नावारूपाला आली.

पण कोणतेही कुलूप अजिंक्य नसते. लंडनच्या एका दुकानाच्या खिडकीत ब्रामा यांचे एक कुलूप सुमारे साठ वर्षे आव्हान देत पडून होते. उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने पुष्कळ दिवस खटपट करून ते उघडले. तेव्हा नुसत्या कुलपावर विसंबून चालत नाही, चावी आणि सवय सांभाळावी लागते.

चावी बनवणाऱ्या कारागिराबद्दलही दोन शब्द. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणारे हे चावीवाले पुष्कळदा शीख शिकलीगर समाजाचे असतात. त्यांचे पूर्वज शस्त्रे घडवीत, पाजळीत. मूळ चावी नसली तरी ते कोरी चावी कुलपात घालून हलवतात, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा निरखतात आणि त्या जागी कानस चालवतात. असे पाच-सात वेळा केले की चावी फिरते. हे हाताचे आणि डोळ्यांचे शिक्षण आहे, कुठल्या शाळेत मिळत नाही. तेव्हा ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालू नये. कष्टाची किंमत आपण नाही ओळखायची तर कुणी?

मात्र आजकालच्या पुष्कळ मोटारींना नुसती घासलेली चावी चालत नाही. चावीच्या डोक्यात एक लहानशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी खटक्यात घातली की गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते, ती आपला क्रमांक गाडीच्या संगणकाला सांगते आणि क्रमांक जुळला तरच इंजिन चालू राहते. म्हणून बाजारात घासून घेतलेल्या साध्या चावीने दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही. तिची दुसरी चावी चिपसकट करून गाडीला ओळखवून घ्यावी लागते आणि त्याला चांगलेच पैसे पडतात. जुनी गाडी विकत घेताना आपली माणसे टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, पण ‘दुसरी चावी कुठे आहे?’ हे विचारत नाहीत. ते पहिल्यांदा विचारा. दुसरी चावी नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. नवी गाडी घेतली तर चावीबरोबर आलेला क्रमांकाचा बिल्ला किंवा कागद फेकू नका. त्या क्रमांकावरून पुढे चावी करून घेणे सोपे जाते.

दुसरी चावी कुठे ठेवायची, हा पुढचा प्रश्न. दोन्ही चाव्या एकाच कड्यात अडकवणारे महाभाग आहेत. हरवल्या तर दोन्ही एकदम हरवतात. दुसरे काही जण जादा चावी गाडीच्याच डिकीत किंवा सीटखाली ठेवतात. चोराला याहून सोपे काय? जादा चावी घरात, कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत असावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावे. त्यातली एक व्यक्ती घरातली बाई असलीच पाहिजे.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुष्कळ घरांत गाडीची चावी म्हणजे पुरुषाचा मान समजतात. तो रात्रपाळीला नागोठण्याला गेला की चावी त्याच्या खिशात, गाडी दारात. पावसाळ्याची रात्र आहे, भाताच्या खाचरातून घरात साप आला आणि कुणाला चावला, किंवा सुनेचे दिवस भरले आहेत आणि कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन करावाच, महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पण ती येईपर्यंत किंवा वाट पाण्याखाली असेल तर शेजारचा पोरगा गाडी चालवायला तयार असतो, गाडी तयार असते आणि चावी नसते. सर्पदंशात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. अशा वेळी चावी कुठे आहे हे घरातल्या बाईला ठाऊक नसेल, तर तो मान काय कामाचा? आमचे तर म्हणणे आहे की चावीबरोबर गाडीचे आरसी बुक, विम्याचा कागद आणि कर्जाचे पासबुक कुठे आहे हेही तिला ठाऊक असावे. जमल्यास तिने गाडी चालवायलाही शिकावे.

चावी सर्वांना सापडावी म्हणून ती दारामागच्या खिळ्यावर टांगून ठेवायची का? इथे दुसरा धोका आहे. घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असेल तर त्या खिळ्यावर त्याचे लक्ष असते. बाप दुपारी झोपला की पोरगा मोटारसायकल काढतो, मागे दोन मित्र बसवतो आणि महामार्गावर जातो. मुंबई-गोवा महामार्गावर काय होते ते आपण पेपरात रोज वाचतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा होऊन १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘मला न विचारता नेली’ एवढे सांगून सुटका होत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करावे लागते. उघड्या खिळ्यावर टांगलेली चावी ही काळजी घेतल्याची खूण म्हणता येईल का? मोठ्या माणसांना माहीत असलेली, पण बंद असलेली जागा, हाच यावर उपाय.

आता चोरीचे बघू. पाच मिनिटांसाठी उतरायचे म्हणून ड्रायव्हर चावी गाडीलाच ठेवतो. चहा, तंबाखू, एखादा पत्ता विचारणे. तेवढ्यात गाडी गेली तर? विमा कंपनी चोरीच्या दाव्यात गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. एक कमी पडली की प्रश्न सुरू होतात, ‘तुम्हीच निष्काळजीपणा केला’ म्हणून दावा फेटाळला जातो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक ट्रकचे प्रकरण होते. ड्रायव्हर पत्ता विचारायला उतरला, चावी गाडीलाच राहिली आणि ट्रक चोरीला गेला. न्यायालयाने मालकाला ७५ टक्के भरपाई मंजूर केली. म्हणजे चावी राहिली म्हणून सगळा दावा बुडत नाही. पण लक्षात घ्या, पंचवीस टक्के गेलेच, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात वर्षे गेली ती वेगळीच. दुसरा एक निकाल जानेवारी २०२० चा, एका ट्रॅक्टरच्या चोरीचा. मालकाने पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद दिली होती, विमा कंपनीला कळवायला मात्र ५२ दिवस लागले होते. पोलिसांत लगेच फिर्याद दिलेली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा गाडी चोरीला गेली तर रडत बसू नका, गावपुढाऱ्याच्या मागे फिरू नका. पहिल्यांदा पोलीस ठाणे गाठा, फिर्यादीची प्रत घ्या, मग कंपनीला लेखी कळवा. आणि कंपनीने दावा नाकारला म्हणजे सगळे संपले असे समजू नका. जिल्हा ग्राहक आयोग त्यासाठीच आहे.

चावी गाडीतच राहिली आणि दार बंद झाले, असेही होते. घाईने काच फोडू नका, चावीवाल्याला बोलवा. पण आत लहान मूल असेल तर एक क्षणही वाट बघू नका, मुलापासून लांबची काच फोडा. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत उष्णता सुमारे दहा अंशांनी वाढते आणि लहान मुलाला ते सोसत नाही. काच पुन्हा बसवता येते.

आता प्रवासाचे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी. त्या गाडीला एक नाही, पाच-सहा चाव्या असतात. इंजिनाची, मागच्या दाराची, डिझेलच्या टाकीची, पाण्याच्या झाकणाची, सिलिंडरच्या कप्प्याची. ते शौकीन लोकांचे असे म्हणून सोडून देऊ नका. २० मार्चला महाडला, १ जानेवारीला भीमा-कोरेगावला, ६ डिसेंबरला दादरला आपली आळी ट्रॅक्स नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून जाते तेव्हा आपलीही ती दोन दिवसांची कॅराव्हॅनच असते. चटया, शिधा, स्टोव्ह, पाण्याचे पिंप, पोरेबाळे सगळे तिच्यात. आणि लाखोंच्या गर्दीत चावी हरवली तर पंधरा-वीस माणसे परमुलखात अडकतात. तेव्हा निघण्यापूर्वीच ठरवावे. एक चावी ड्रायव्हरकडे, गळ्यात दोरी घालून किंवा आतल्या खिशात. जादा चावी दुसऱ्या एका जबाबदार माणसाकडे, जो ड्रायव्हरबरोबर फिरणार नाही. ‘जरा गाडीतून पिशवी आणतो, चावी द्या’ म्हणत चावी दहा हातांतून फिरवायची नाही. पिशवी हवी असेल तर चावीधारकाने स्वतः जावे. चावीच्या कड्याला लाल-निळी रंगीत फीत बांधावी, म्हणजे पडली तर दिसते. त्यावर नुसता फोन नंबर लिहावा, घरचा पत्ता आणि गाडीचा नंबर लिहू नये. सापडणारा भला असेल तर फोन करील, लबाड असेल तर त्याला गाडी शोधता येणार नाही.

चाव्यांचा विषय निघालाच आहे, तर गावच्या विहाराच्या चावीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पुष्कळ गावांत आम्ही बघतो, वर्गणी काढून, श्रमदान करून सुंदर विहार बांधले, आत पुस्तकांचे कपाट आहे, पंखे आहेत, दिवे आहेत. आणि दाराला कुलूप. चावी अध्यक्षांकडे, अध्यक्ष मुंबईला. दहावी-बारावीची मुले, ज्यांच्या एका खोलीच्या घरात अभ्यासाला जागा नाही, ती पायरीवर बसून वाचतात. यात कुणी दुष्ट नसतो. चावीची व्यवस्था कुणी लावलेली नसते, एवढेच. त्यासाठी भांडण नको, एक शंभर पानी वही पुरे. चार रकाने आखा: तारीख, चावी घेणाऱ्याचे नाव, घेतल्याची वेळ, परत केल्याची वेळ. दोन चाव्या करा, एक अध्यक्षांकडे, दुसरी विहाराजवळच्या घरातल्या ताईकडे. परीक्षेच्या महिन्यांत संध्याकाळी सहा ते दहा विहार उघडा राहील असा ठराव बैठकीत घ्या. चावी सांभाळणाऱ्याला आपण मालक झालो असे वाटू लागते, ते या वहीने टळते.

घरीही हीच वही चालेल, लहान आकारात. येत्या रविवारी घरातल्या सगळ्या चाव्या जमिनीवर मांडा. कोणती कशाची ते ओळखा. ज्यांचे कुलूपच घरात उरलेले नाही त्या बाजूला काढा. उरलेल्यांना एकेक चिठ्ठी बांधा. गाडीची, घराची, कपाटाची, प्रत्येकीची एकच जागा ठरवा आणि घरात शिरल्यावर पिशवी खाली ठेवण्याआधी चावी त्या जागी ठेवायची, असा नियम करा. ज्या कुलपाची एकच चावी आहे, तिची दुसरी त्याच आठवड्यात करून घ्या. आपल्याकडे खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस. कुलूप अडू लागले तर त्यात खोबरेल ओतू नका, त्याला धूळ चिकटते. मुलाच्या पेन्सिलीचे शिसे चावीच्या दात्यांवर घासा आणि चावी चार वेळा फिरवा, कुलूप मोकळे होते.

आणि एवढे करूनही चावी हरवली, तर घरातल्या बाईवर ओरडू नका. शांत बसा. शेवटची ती कधी वापरली तिथून सुरुवात करा. आधी गाडीतच बघा, खटक्याला, सीटच्या फटीत, डिकीच्या कुलपाला. मग काल घातलेल्या पँटचा खिसा, धुण्याची बादली, भाजीची पिशवी. बहुतेक वेळा ती तिथेच असते. नसेल तर जादा चावी काढा, कामाला लागा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून शोधा. दिवसाची कमाई आधी.

हे वाचून ज्यांच्या घरात जादा चावी नाही असे लक्षात आले असेल, त्यांनी उद्याच पेणचा बाजार गाठावा.

जयभीम.